शेगडीपुढे घेतलेलं माप

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वास घेऊन ओळखायची गरज नाही. मी लोकरीचा कोट आहे. राखाडी रंग, त्यावर तपकिरी चौकड्या, समोर तीन बटणं आणि आत रेशमासारखं चकाकणारं अस्तर. रेशमासारखं म्हटलं, रेशमाचं म्हटलं नाही. या वयात खोटं बोलून मला काय मिळणार?

माझा जन्म फार लांब, एका थंड देशात झाला. कुठल्या, ते मला ठाऊक नाही. माझ्या मानेला आतून एक चिठ्ठी शिवलेली आहे आणि तिच्यावर ते लिहिलेलं आहे. पण ती माझ्याच मानेमागे असल्यामुळे मला वाचता येत नाही, आणि शिलाँगात ज्यांनी ज्यांनी ती वाचली त्यांनी प्रत्येकाने वेगळा देश सांगितला. माझा पहिला मालक भलामोठा होता. दारातून जाताना तो थोडा तिरका होई. वर्षातून चार वेळा तो मला अंगात घाले आणि बाकीचे दिवस मी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात काढी. लोक याला सुखवस्तू आयुष्य म्हणतात. मी त्याला कंटाळा म्हणत असे.

मग तो माणूस आणखी मोठा झाला. माझं मधलं बटण लागेना. आरशापुढे उभा राहून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू रोज रात्री मीच लोणी खात होतो. दुसऱ्या दिवशी मी पिशवीत, पिशवी पेटीत आणि पेटी जहाजावर. पुढे कुठेतरी आम्हा तीनशे कपड्यांना दाबून एक गाठ बांधण्यात आली. त्या गाठीत एका पोहण्याच्या चड्डीने माझ्या डोक्यावर सहा आठवडे मुक्काम केला. मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली, पण नम्रता मला त्या चड्डीनेच शिकवली.

आमची गाठ फुटली ती शिलाँगच्या बडाबाजारात. तिथे दुकानं बायकांची असतात आणि आवाजही त्यांचेच. गाठ फुटली की गिऱ्हाईक तुटून पडतं. स्वेटर गेले, मफलर गेले, ती चड्डीसुद्धा गेली. थंडीच्या दिवसांत ती कुणी नेली आणि कशासाठी, हे मला आजवर कळलेलं नाही. मी मात्र तीन आठवडे ढिगाच्या तळाशी पडून होतो. जो कुणी मला घाले तो दिसेनासा होई. एकदा दोन पोरं एकाच वेळी माझ्यात लपली आणि त्यांची आई अख्खी ओळ हिंडून आली.

आणि एका मंगळवारी रिबाहुन आली.

रिबाहुनला सगळे रिबा म्हणत. वय बावीस, घर मावप्रेम भागात, काम झेरॉक्सच्या दुकानात. तिने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, माझी बाही पकडली आणि मला असं ओढून काढलं, जसं विहिरीतून कुणाला काढावं.

"काँग, हा कोट कसा दिला?"

काँग म्हणजे आमच्याकडे ताई. ही दुकानदारीण काँग गालात क्वाई घोळवत होती. सुपारी, पान आणि चुना तोंडात असताना ती कुणाशीही घाईने बोलत नसे. "कोट कुठला ग? तंबू आहे तो. पण साहेबाचा आहे हो! लोकर बघ."

"साहेब होता की डोंगर होता?"

"मोठा होता म्हणून तर स्वस्त आहे. लहान साहेबाचा असता तर तुला दाखवलासुद्धा नसता."

"शनिवारपर्यंत मामाला बसवायचाय."

दुकानदारीण चघळायची थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, रिबाकडे पाहिलं. "मग दोन मामा घेऊन ये," ती म्हणाली आणि किंमत आपण होऊन कमी केली. माझ्या आयुष्यात माझी दया येऊन कुणी मला स्वस्त केलं, ती ही पहिलीच वेळ.

आता हा शनिवार काय आणि मामा कोण, ते सांगतो. रिबाचा थोरला भाऊ शानबोर बेकरीत कामाला होता. त्याचं नोंगथिम्माई भागातल्या दारिशावर मन बसलं होतं आणि तिचं त्याच्यावर. दोघांचं ठरलं होतं. आता घरांचं ठरायचं होतं. आमच्याकडे हे बोलणं मामाने करायचं असतं. बाप असतो, तो शेजारी बसून चहा घेतो आणि मान डोलावतो. दारिशा घरातली धाकटी लेक, म्हणजे आमच्या रिवाजाने घर तिचं. लग्न झालं की शानबोर तिच्या घरी राहायला जाणार. म्हणून मुलीकडच्यांनी मुलगा पारखून घ्यायचा, आणि मुलगा पारखायचा म्हणजे आधी त्याचा मामा पारखायचा.

पारखणारा होता दारिशाचा मामा, बाह क्लेमेंट; बाह म्हणजे दादा, मानाने म्हणायचं. चौतीस वर्षं हेडमास्तर. निवृत्त झाला तरी गल्लीतली मोठी माणसं त्याला पाहून अजून सिगारेट विझवीत. गेल्या वर्षी दारिशासाठी दुसऱ्या एका मुलाचा मामा बोलायला आला होता. त्याच्या अंगात पावसाळी जाकीट होतं आणि जाकिटाच्या पाठीवर बॅटरीची जाहिरात. बाह क्लेमेंटने त्याला चहा पाजला, बटाट्याच्या पिकावर तासभर बोलला आणि दारापर्यंत पोचवलं. लग्नाचा विषय निघालाच नाही. 'माणूस पाठमोरा झाल्यावर मला त्याच्याविषयी काही वाटायला हवं, बॅटरीविषयी नव्हे,' असं तो नंतर म्हणाल्याचं सगळ्या शिलाँगला माहीत होतं.

आणि रिबाच्या मामांकडे कोट नव्हता. बाह ब्रेमली त्यांचं नाव. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. स्वतःच्या लग्नातला एक कोट होता, पण त्याची बटणं आणि काजं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती. गल्लीतल्या शिंप्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि "फेब्रुवारी" एवढा एकच शब्द उच्चारला. आमचा शनिवार जानेवारीतला, म्हणजे काम रिबावर आलं. तिची तयारी म्हणाल, तर शाळेत शिवणाचा एक तास असे, त्यात तिने एक रुमाल शिवला होता. तो चौकोनी नव्हता.

मामा राहत आपल्या बायकोच्या घरी, पण रुबाब करीत बहिणीच्या घरी. रोज दुपारी ते मावप्रेमाला येत, शेगडीजवळचं वेताचं बुटकं स्टूल ओढून घेत आणि दोन्ही हात निखाऱ्यांवर धरून बसत. जानेवारी होता. शिलाँगच्या जानेवारीत माणूस एकदा शेगडीपुढे बसला की त्याला उठवायला आग लागावी लागते, आणि आग तर आधीच त्याच्यापुढे असते.

रिबाने मला त्यांच्या खांद्यांवर चढवलं. "मामा, जरा उभे राहा ना."

"कशाला?"

"मापं घ्यायचीत."

"घे की. मी कुठे पळून चाललोय?"

"बसल्या बसल्या कसं घेऊ?"

"ट्रकच्या सीटचं माप कुणी उभ्याने घेतं का? माणूस बसला की त्याचा खरा आकार कळतो."

रिबाची आई चुलीपाशी तांदळाचे पुथारो भाजत होती. ती म्हणाली, "दादा, ऊठ की रे. पोरगी केव्हाची तिष्ठत उभी आहे."

"ही ऊब जमवायला मला पाऊण तास लागलाय," मामा म्हणाले. "उठलो की ती दारातून बाहेर जाणार आणि शेजारच्यांना मिळणार. त्यांनी माझ्यासाठी काय केलंय?"

"बरं, निदान हात तरी खाली करा," रिबा म्हणाली.

"खाली गार आहे."

शेवटी ती गुडघ्यांवर बसली. घरात टेप नव्हती. शानबोरच्या बेकरीतल्या केकच्या खोक्याची लाल फीत होती. त्या फितीला गाठी मारून तिने मापं घेतली. मामांचे हात निखाऱ्यांकडे ताणलेले, पाठ वाकलेली, पोट मांडीवर विसावलेलं. मनगट जिथे दिसलं तिथे साबणाच्या चिपेने तिने माझ्या बाहीवर खूण केली. पोट जिथे संपलं तिथे बटणांची खूण केली. ती जागा शोधायला थोडा वेळ लागला. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. पण कोटाला कोण विचारतं?

मग तीन दुपारी माझ्यावर काम झालं, आणि मित्रांनो, त्या तीन दुपारींसारख्या दुपारी मी पुन्हा फार थोड्या पाहिल्या. दुकानात जेवणाची सुटी झाली की रिबा धावत घरी येई. आमच्याकडची जुनी माणसं रस्त्याचं अंतर क्वाईत मोजतात: अमुक गाव दोन क्वाई लांब, म्हणजे दोन विडे चघळून होईतो पोचाल. रिबाची आई शिवणही तशीच मोजी. "एका बाहीचं अस्तर उसवायला एक क्वाई," ती म्हणे आणि तोंडात एक टाकी. "कडेची शिवण आत घ्यायला तीन." तिसऱ्या क्वाईला तिचे कान लाल होत, कपाळावर घाम येई आणि ती पोरीला भलतेसलते सल्ले देऊ लागे.

रिबाने दाढीच्या जुन्या पात्याने बाहीचं अस्तर टोकाशी उसवलं. खांद्यांतल्या गाद्या काढल्या. आईने त्या लगेच गरम पातेलं धरायला घेतल्या. माझ्या पहिल्या मालकाचा सगळा भारदस्तपणा त्या गाद्यांत होता, हे मला तेव्हा कळलं. मग तिने मला उलटा केला आणि दोन्ही कुशींना आतून टाचण्या लावल्या. काखेपाशी थोडं, कमरेपाशी जास्त. दोरा दुहेरी घेऊन मेणबत्तीवरून ओढला म्हणजे गुंता होत नाही, हे तिला आईने सांगितलं. एक टाका पुढे, अर्धा मागे, एक पुढे, अर्धा मागे. पहिली वीतभर शिवण पावसात चाललेल्या गोगलगाईच्या वाटेसारखी झाली. दुसरी वीत बरी झाली. तिसऱ्या वितीला ती गुणगुणायला लागली.

सुई टोचते का, असं तुम्ही विचाराल. टोचते. पण वर्षानुवर्षं ज्याला कुणी हात लावलेला नाही, त्याला टोचणंही बोलल्यासारखं वाटतं.

कात्री मात्र तिने मला लावली नाही. आई म्हणाली, "एवढं कापड आत कशाला कोंबतेस? काप आणि मोकळी हो."

"नको ग मेइ. कापलं की गेलं. दुमडलेलं परत उघडता तरी येतं. माझा तो रुमाल आठवतो ना?"

"आठवतो. दर वेळी सरळ करायला कापलास. शेवटी त्याने फक्त चष्मा पुसता येत होता."

म्हणून तिने जास्तीचं कापड आत दुमडलं, वर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली आणि अस्तर त्यावर बारीक तुरपलं. बटणं काढून दोन बोटं आत लावली. शुक्रवारी दुपारी मी तयार झालो. मामा आले. स्टुलावर बसले. मला अंगात घातलं. दोन्ही हात शेगडीवर धरले.

काय सांगू तुम्हाला! बाही बरोबर मनगटावर. खांदे जिथल्या तिथे. बटण लागलं आणि पोट त्यात सुखाने मावलं. शेजारचे लोक बघायला आले. बाप आला, त्याने मान डोलावली. "परदेशातून मागवल्यासारखा दिसतोय," कुणीतरी म्हणालं, आणि एका अर्थी ते खरंच होतं. रिबा लाजून चूर झाली. माझं आयुष्यातलं एवढं कौतुक मी एकदम ऐकून घेतलं. उभं राहून बघावं, ही कल्पना मात्र कुणालाच सुचली नाही. जानेवारीत आमच्याकडे असल्या कल्पना सुचत नाहीत.

शनिवारी दुपारी मामा, आई आणि रिबा शेअर टॅक्सीने निघाले. टॅक्सीत चौथी जागा नव्हती, म्हणून बापाने दारातूनच मान डोलावली. शानबोर बेकरीत थांबला होता. त्याने केक पाठवला होता आणि स्वतःचा जीव मुठीत धरला होता. मामा घरातून मला हातावर टाकून आले आणि टॅक्सीत बसल्यावर मला घातलं. पुढच्या सीटवर, हात डॅशबोर्डवर ताणलेले. उत्तम! ड्रायव्हरनेसुद्धा विचारलं, "बाह, कोट कुठे शिवला?"

नोंगथिम्माईला ते उतरले. उभे राहिले. हात खाली सोडले.

हात दिसेनासे झाले.

माझ्या बाह्या मामांच्या बोटांच्याही खाली चार बोटं लोंबत होत्या. पोट जागेवर गेल्यामुळे मी समोरून घंटेसारखा हलत होतो. मामांनी एक बाही वर करून पाहिली, दुसरी वर करून पाहिली. "रिबा," ते शांतपणे म्हणाले, "माझे हात कुठे ठेवलेस?"

रिबाचा चेहरा पांढरा पडला. "मामा, तुम्ही हात पुढे केले होते ना... पुढे केले की बाही वर जाते... मी तिथे खूण केली."

"म्हणजे हा कोट फक्त शेगडीपुढे बसतो?"

"आणि टॅक्सीत," आई म्हणाली.

"बाह क्लेमेंटपुढे मी काय टॅक्सी घेऊन जाऊ?"

हसू नका, मित्रांनो. मामांना हातांशिवाय बोलता येत नसे. तीस वर्षं चढ, उतार, वळण, ब्रेक, सगळं त्यांनी हातांनी सांगितलेलं. हात बांधले तर त्यांना स्वतःचं नावही अडखळत सांगावं लागलं असतं. आणि मनगट झाकलेला मामा बाह क्लेमेंटच्या दारात गेला असता तर शानबोरच्या वाट्याला बटाट्याचं पीक आलं असतं.

रिबाच्या शालीच्या काठाला दोरा ओवलेली एक सुई कायम टोचलेली असे. तिने मामांना एका भिंतीच्या आडोशाला उभं केलं, उजव्या बाहीचं टोक वीतभराहून जास्त आत दुमडलं आणि भराभर टाके घालायला लागली. कापड सगळं आतच होतं, एकावर एक घड्या झाल्या, बाही जरा जाड झाली. पण मनगट दिसलं. समोर एक कुत्रा बसून पाहत होता. "हात हलवू नका, मामा."

"मी हलवत नाही. थंडी हलवतेय."

उजवी बाही झाली. डावीला तिने दोन टाके घातले, आणि तेवढ्यात वरून हाक आली, "खुबलेइ! या ना, बाहेर थंडीत काय उभे?" दारिशाची आई, काँग सिल्बी, दारात उभी होती. रिबाने दचकून हात मागे घेतला. दोन टाके निसटले आणि त्यांच्यासोबत कालची घडीही पूर्ण उलगडली. सुई दोऱ्यासकट माझ्या डाव्या बाहीतच लोंबत राहिली.

"डावा हात पाठीमागे धरा," ती कुजबुजली. "आणि काही झालं तरी काढू नका."

आत शेगडी होती, भोवती खुर्च्या होत्या आणि एक उंच, सडसडीत माणूस काळ्या कोटात उभा होता. डावा हात खिशात. हा बाह क्लेमेंट. त्याने क्वाईचं ताट पुढे केलं. मामांनी उजव्या हाताने घेतली. काँग सिल्बीने लाल चहा दिला. तोही उजव्या हाताने. मग बोलायची वेळ झाली आणि दोन्ही मामा समोरासमोर उभे राहिले, कारण बोलणाऱ्याने उभं राहूनच बोलायचं असतं.

एका हाताने बोलावं लागल्यामुळे मामा सावकाश बोलू लागले. एक वाक्य, मग विश्रांती. कुळ वेगळं असल्याचं त्यांनी सांगितलं. आजीच्या आजीपर्यंतची नावं सांगितली. मधल्या शांततेत ते पुढचं नाव आठवत होते, पण बघणाऱ्याला वाटलं, केवढा भारदस्त माणूस! बाह क्लेमेंटसुद्धा एकच हात वापरून उत्तरं देत होता. जणू दोन राजदूत तह करायला उभे होते.

"मुलगा पावाच्या कारखान्यात आहे असं ऐकतो," बाह क्लेमेंट म्हणाला.

"बेकरीत, बाह. पहाटे तीनला उठतो."

"आमच्या घरात तीनला कुणी उठत नाही."

"मग त्याची कुणाला अडचणही होणार नाही."

कोपऱ्यातून दारिशा हसली आणि तिने लगेच खोकल्याचं सोंग केलं. बाह क्लेमेंट हसला नाही. तो एक पाऊल पुढे आला. "हे घर माझ्या आईचं. आता बहिणीचं, उद्या या मुलीचं. तुमचा मुलगा इथे राहायला येणार. येताना तो काय घेऊन येणार, बाह ब्रेमली?"

या प्रश्नाचं उत्तर मामांनी तीन दिवस पाठ केलं होतं. त्यात मान होता, कष्ट होते, पूर्वज होते, एक डोंगरही होता. पण प्रश्न ऐकला आणि सगळं उडालं. आणि शब्द सापडेनात तेव्हा त्यांच्या हातांनी जे तीस वर्षं केलं तेच केलं. दोन्ही हात झटक्याने पुढे आले.

उजवा हात दिसला. डाव्या हाताच्या जागी मी होतो. माझी बाही हत्तीच्या सोंडेसारखी लोंबली, आणि तिच्या टोकाला रिबाची सुई दोऱ्यावर झोके घेत राहिली. बाह क्लेमेंटच्या नाकापासून बरोबर वीतभर अंतरावर. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

रिबाने डोळे मिटले. मीही मिटले असते.

मामांनी बाहीकडे पाहिलं. मग त्यांनी ती लपवायचं सोडून दिलं.

"हे बघा बाह," ते म्हणाले. "हा कोट माझा नाही. बडाबाजारातल्या गाठीतला आहे. माझ्यासारखे दोन मावतील एवढा होता. या पोरीने तीन दुपारी उपाशी राहून तो माझ्या मापाचा केला. माप चुकलं ते माझ्यामुळे, मी शेगडीपुढून उठलो नाही म्हणून. तरी आत्ता, तुमच्या दाराबाहेर, ती परत शिवायला बसली. हिचाच भाऊ तो. त्याच्याजवळ काही नाही, बाह. पण हातात आलेलं बसत नाही म्हणून टाकून देणाऱ्यांतला तो नाही. उसवेल, परत घालील, परत उसवेल. येताना तो एवढंच घेऊन येईल." मामा थांबले. मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. "आणि पाव."

बाह क्लेमेंटने उजव्या हाताच्या दोन बोटांनी झुलती सुई थांबवली.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

"ताजा?"

"पहाटेचा."

बाह क्लेमेंटने एक दीर्घ श्वास घेतला आणि खिशातला डावा हात बाहेर काढला. त्याच्याही काळ्या कोटाची बाही आत दुमडलेली होती. तिला शिवण नव्हती. स्टेपलरच्या चार पिना होत्या, ओळीत, पेपर जोडावेत तशा. त्यातल्या दोन निघाल्या होत्या आणि त्याच्या मनगटावर ओरखडे उठले होते.

"दादा!" काँग सिल्बी ओरडली. "हे काय? तू शिंप्याकडे दिला होतास ना कोट?"

"दिला होता," हेडमास्तर खाली मान घालून म्हणाला. "तो फेब्रुवारी म्हणाला."

आधी दारिशा हसली, आणि या वेळी खोकली नाही. मग रिबा हसली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग दोन्ही आया पोट धरून हसल्या. मामा हसले तेव्हा मी घंटेसारखा वाजलो असतो, जर मला लोलक असता. सगळ्यांत शेवटी बाह क्लेमेंट हसला. चौतीस वर्षांत सवय नसल्यामुळे त्याला ते जरा अवघड गेलं.

दारिशाने घरातला सुईदोऱ्याचा डबा आणला. रिबा माझ्या डाव्या बाहीपाशी बसली आणि दारिशा तिच्या मामांच्या. दोन्ही मामांना मधोमध उभं केलं, हात सरळ खाली, हलायची परवानगी नाही. वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे ते उभे होते. "टाका लहान घे," रिबा म्हणाली. "असा?" दारिशाने विचारलं. "हो, पण मामांना नको, बाहीला घाल." आणि त्या अवस्थेत, दोन क्वाई संपायच्या आत, लग्नाची तारीख मार्चमध्ये ठरली, जेवण ठरलं, पाहुणेही ठरले. माझा अनुभव सांगतो: बाहीत सुई असलेला माणूस फार वाद घालत नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. त्या मार्चमध्ये शानबोर दारिशाच्या घरी राहायला गेला. तो मामांहून उंच आहे, म्हणून स्वतःच्या लग्नात त्याने मला घातलं तेव्हा रिबाने माझ्या बाह्यांच्या घड्या उघडल्या. सगळं कापड आतच होतं ना. पुढे एका चुलतभावासाठी मी पुन्हा आखूड झालो, एका शेजाऱ्यासाठी रुंद झालो, आणि एकदा तर नाताळच्या नाटकात मेंढपाळ झालो. माझ्या आत आता इतक्या जणांच्या मापाच्या खुणा आहेत, की मी कुणाचा हे मलाच नेमकं सांगता येत नाही. रिबाने झेरॉक्सचं दुकान सोडलं नाही, पण तिच्या टेबलाखाली कपड्यांची एक पिशवी कायम असते, आणि लोक कागदांबरोबर बाह्याही घेऊन येतात. कोपरांवर मला ठिगळं आहेत. ती मला शोभतात असं म्हणतात. मी मोडता घालत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद कपाटाच्या अंधारात टांगलेला असेल. त्याला बाहेर काढा. तासभर उन्हात टाका, खिसे उलटे करून झटका. बटण सैल झालं असेल तर पडायच्या आधी चार टाके घाला. पडल्यावर सगळं घर पलंगाखाली शिरतं आणि सापडतं ते भलत्याच सदऱ्याचं. तुम्हाला होत नसेल तर ज्याला होईल त्याला द्या. कुणालाच होत नसेल तर सुईत दोरा ओवा आणि मांडी घालून बसा. घाबरू नका. पहिला टाका वाकडाच येतो, येऊ द्या. तो आतल्या बाजूला असतो. बाहेरच्यांना दिसत नाही, आणि आत डोकावून जो बघतो, तो घरचाच असतो.